रक्ताचा दाब आणि झाडपाल्याचे औषध

आपल्या गावात औषध सांगणाऱ्यांचा तोटा नाही. कोणाला खोकला झाला की एक जण म्हणतो, "अडुळशाचा काढा घे." दुसरा म्हणतो, "छे छे, तुळस नि आले घे." पारावर दहा माणसे बसली असली तर त्यांतली नऊ अर्धी वैद्य असतात. त्यात वाईट काही नाही. झाडपाल्याची ही माहिती आपल्या आजी-पणजीने जपली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. तिला नावे ठेवायला आम्ही बसलेलो नाही.

पण अलीकडे एक दुखणे घरोघर ऐकू येते. त्याचे नाव रक्ताचा दाब. कोणी म्हणते, "मला बीपी आहे." खरे म्हणजे रक्ताचा दाब हा सगळ्यांनाच असतो. तो नसेल तर माणूस जिवंत कसा राहील? दुखणे आहे ते वाढलेल्या दाबाचे. हा दाब उतरवण्यासाठी कोणी सर्पगंधा सांगतो, कोणी अर्जुनाची साल सांगतो, कोणी उपाशीपोटी लसूण खायला सांगतो. यांतले खरे किती आणि ऐकीव किती? काय घ्यावे आणि कशापासून दूर राहावे? चला, एकेक गोष्ट नीट पाहू.

दाब म्हणजे काय?

विहिरीवरचा पंप तुम्ही रोज पाहता. पंप पाणी ढकलतो. पाणी पाइपातून शेतात जाते. आपल्या छातीत असाच एक पंप आहे. त्याला हृदय म्हणतात. ते आपल्या मुठीएवढे असते. ते मिनिटाला साधारण ७० वेळा आकसते आणि फुलते. दिवसाचा हिशेब केला तर एक लाखाच्या घरात ठोके होतात. शेतातला पंप लाइट गेली की थांबतो. हा पंप जन्मभर एक क्षण थांबत नाही.

हृदय रक्त ढकलते तेव्हा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर जोर पडतो. हा जोर म्हणजेच रक्ताचा दाब.

आता पाहा, पाइपात पाण्याचा जोर बेताचा असला तर पाइप वर्षानुवर्षे टिकतो. जोर सारखाच जास्त राहिला तर काय होते? सांधे सुटतात, कुठे तरी पाइप फुटतो आणि पंपही लवकर झिजतो. शरीराचेही तसेच आहे. दाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला की रक्तवाहिन्या कडक होतात. मेंदूतली वाहिनी फुटली किंवा तुंबली तर लकवा होतो. हृदयाची वाहिनी तुंबली तर हृदयविकाराचा झटका येतो. मूत्रपिंडे निकामी होतात. डोळ्यांची नजर जाते.

दोन आकडे

दाब मोजला की दवाखान्यात चिठ्ठीवर दोन आकडे लिहून देतात. समजा, १२०/८० असे लिहिले. मध्ये तिरकी रेघ आहे म्हणून हा शाळेतला अपूर्णांक समजू नका. हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिला आकडा हृदय आकसून रक्त ढकलते त्या वेळचा. दुसरा आकडा हृदय सैल होते त्या वेळचा.

१२०/८० च्या आसपास दाब असला तर चांगले. निरनिराळ्या दिवशी मोजून वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, अगर खालचा ९० किंवा त्याहून जास्त आला, तर दाब वाढला असे डॉक्टर म्हणतात. दोन्ही आकडे वाढले पाहिजेत असे नाही. एक वाढला तरी तो वाढलाच.

एकदाच मोजून घाबरू नये. धावतपळत दवाखान्यात गेलात आणि लगेच मोजले तर आकडा जास्तच येणार. म्हणून आधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पाठ टेकलेली असावी, पाय जमिनीवर असावेत. त्याआधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू घेऊ नये. लघवीला जाऊन यावे. मोजताना बोलू नये.

मुका शत्रू

दात दुखला की माणूस रात्रभर तळमळतो. सकाळी उठून आधी दवाखाना गाठतो. रक्ताचा दाब तसा नाही. तो वाढला तरी बहुधा दुखत नाही, खुपत नाही, ताप येत नाही. माणूस नांगर धरतो, बाजाराला जातो, लग्नात जेवतो. आत मात्र झीज चालूच असते. जगात ज्यांचा दाब वाढलेला आहे, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या माणसांना ते ठाऊकच नसते.

काही जण म्हणतात, "माझं डोकं दुखलं की मला समजतं, बीपी वाढलं." हा भरवसा धरू नका. डोके उन्हानेही दुखते, उपासानेही दुखते. आणि दाब फार वाढूनही डोके न दुखणारे पुष्कळ आहेत. दाब कळतो तो फक्त मोजून.

हे ध्यानात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी यावर अवलंबून आहेत. खोकल्याला काढा घेतला आणि खोकला थांबला, तर गुण आला हे आपले आपल्याला कळते. दाबाला काढा घेतला तर गुण आला की नाही हे कशाने कळणार? "बरं वाटतंय" म्हणून चालत नाही. बरे तर आधीही वाटतच होते!

जुन्या वैद्यांना दाब मोजता येत होता का?

पुष्कळ जण सांगतात की अमुक मुळी हे बीपीचे हजारो वर्षांपूर्वीचे औषध आहे. हे बोलणे जरा तपासून पाहू.

रक्ताचा दाब पहिल्यांदा मोजल्याची हकीकत इंग्लंडातली आहे. स्टीफन हेल्स नावाच्या धर्मोपदेशकाने घोडीच्या मांडीतल्या रक्तवाहिनीला काचेची उंच नळी जोडली. रक्त नळीत आठ फुटांच्या वर चढले. हे त्याने १७३३ साली छापून प्रसिद्ध केले. पण माणसाला अशी नळी लावणार कशी? दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे सोपे यंत्र इटलीतल्या रिवा-रॉची या डॉक्टरने १८९६ साली तयार केले. मग १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने नळी कानाला लावून ठोके ऐकण्याची रीत दाखवली. आजही डॉक्टर दंडाला पट्टा बांधतात, तो त्याच रीतीने.

म्हणजे वाढलेला दाब मोजता येऊ लागला त्याला दीडशे वर्षेसुद्धा झालेली नाहीत. चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या ग्रंथांत हृद्रोगाची, म्हणजे हृदयाच्या दुखण्यांची, चर्चा आहे. नाडी कशी पाहावी याचा विचारही आपल्याकडे जुना आहे. पण १४०/९० हा आकडा त्यांच्यापुढे नव्हता. त्यात त्यांचा काही कमीपणा नाही. यंत्रच नव्हते, तर मोजणार कशाने?

म्हणून जुने औषध असले तरी ते दाबाला लागू पडते की नाही, हे आज यंत्राने मोजूनच ठरवावे लागते. हे आपल्याच देशात एका मुळीच्या बाबतीत घडले. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

सर्पगंधेची हकीकत

सर्पगंधा हे लहान झुडूप आहे. ते फूट-दोन फूट, कधी तीन फूट वाढते. पांढरी-गुलाबी फुले येतात. फळ पिकले की काळेभोर दिसते. औषध असते ते मुळीत. मुळी कडूजहर. झोप न येणे, वेड लागणे यांवर ही मुळी पूर्वापार देत असत. बिहारात तिला वेडावरचे औषध म्हणूनच ओळखत.

१९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की या मुळीने वेडाचा भर तर ओसरतोच, पण रक्ताचा दाबही उतरतो. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतली द्रव्ये वेगळी काढली. कॉलेज ज्यांच्या खटपटीने उभे राहिले त्या हकीम अजमल खान यांच्या नावावरून एका द्रव्याला त्यांनी 'अजमलिन' हे नाव दिले.

पुढचे काम आपल्या मुंबईत झाले. डॉ. रुस्तम जाल वकील हे हृदयरोगाचे डॉक्टर. त्यांनी दाब वाढलेल्या रोग्यांना सर्पगंधा दिली. नुसते "कसं वाटतंय?" असे विचारून ते थांबले नाहीत. आधीचा दाब मोजला, नंतरचा दाब मोजला, सगळे टिपून ठेवले. १९४९ साली त्यांचा लेख इंग्लंडातल्या हृदयरोगाच्या मासिकात छापून आला, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडातल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातले मुख्य द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव रिसर्पिन. त्याच्या गोळ्या निघाल्या आणि लाखो लोकांनी त्या घेतल्या. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतला मोठा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आपल्या जंगलातल्या मुळीने जगाला दाबावरचे औषध दिले. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण ती इथेच संपत नाही. पुढचा भाग सांगितला नाही, तर आम्ही अर्धेच सांगितले असे होईल.

औषध जास्त वापरात आले तसे त्याचे दोषही दिसू लागले. नाक चोंदणे, चक्कर येणे, पोटात जळजळणे, नाडी मंद होणे. सगळ्यांत वाईट म्हणजे काही रोग्यांचे मन उदास होई. इतके, की जीव नकोसा वाटे. पुढे याहून कमी त्रासाची औषधे निघाली. म्हणून आज डॉक्टर रिसर्पिन क्वचितच देतात.

मग कच्ची मुळी उगाळून घेतली तर? त्यात धोका आणखी वाढतो. एका मुळीत औषधाचा अंश जास्त असतो, दुसरीत कमी. बाजारात सर्पगंधा म्हणून दुसऱ्याच झाडाच्या मुळ्याही मिसळतात. आधीच दाबाची गोळी चालू असलेल्या माणसाने वरून ही मुळी घेतली, तर दाब एकदम खाली येऊन तो घेरी येऊन पडेल. म्हणून सर्पगंधा स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये. घ्यायचीच तर शिकलेल्या, नोंदणी झालेल्या वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावी, आणि दाब मोजत राहावा.

नावात सर्प आहे म्हणून साप चावल्यावर ही मुळी देत बसू नका. साप चावला तर दवाखान्यात जाऊन सर्पविषावरची लस टोचून घेणे हाच उपाय. मुळी उगाळण्यात गेलेली घटका परत येत नाही.

अर्जुन सादडा

नदीकाठी, ओढ्याकाठी हे मोठे झाड उभे असते. साल गुळगुळीत, फिकट पांढुरकी, आणि तिचे पापुद्रे निघतात. फळाला लांबट पंख असतात. ऐनाचे झाड याचेच भाऊबंद. पण ऐनाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. दोहोंत घोटाळा करू नये.

अर्जुनाची साल हृदयाच्या दुखण्यावर वापरण्याची रीत फार जुनी. सालीची पूड दूध-पाण्यात घालून, पाणी आटेपर्यंत उकळून ते दूध देतात. त्याला क्षीरपाक म्हणतात. आजच्या काळातही डॉक्टरांनी ही साल रोग्यांना देऊन पाहिली आहे. चालताना छातीत दुखणाऱ्या काही रोग्यांना नेहमीच्या औषधांबरोबर ती दिल्यावर थोडा आराम वाटला, असे काहींना आढळले. पण हे प्रयोग थोड्या रोग्यांवरचे आहेत. सालीमुळे झटका टळतो किंवा आयुष्य वाढते, असे अजून सिद्ध झालेले नाही. दाब उतरवण्याचे खात्रीचे औषध तर ती नाहीच.

तेव्हा अर्जुनाचा काढा डॉक्टरांना सांगून, त्यांच्या गोळ्या चालू ठेवून कोणी घेत असेल तर घेवो. पण छातीत दुखू लागले, घाम फुटला आणि घरची मंडळी साल उकळायला चूल पेटवतात, असे होता कामा नये. तेव्हा १०८ क्रमांकाला फोन करावा आणि रोग्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

आणखी एक सांगणे. साल काढताना झाडाभोवती पूर्ण गोल काढू नका. तशी काढली की झाड वाळते. माणसाच्या हृदयासाठी झाडाचा जीव घेणे बरे नव्हे.

लसूण, अंबाडी, जवस

आता स्वयंपाकघरात येऊ.

लसूण घेऊ. दाब वाढलेल्या माणसांना लसूण देऊन, मोजून पाहिले आहे. वरचा आकडा थोडा उतरतो. थोडा म्हणजे काही अंकांनी. १७० दाब असलेला माणूस लसणाने १२० वर येत नाही. जेवणात लसूण जरूर असावा. पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लसणाचा मारा करू नये. रक्त लवकर थांबत नाही. शस्त्रक्रिया व्हायची असेल किंवा दात काढायचा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

लाल अंबाडीला जी आंबट लाल बोंडे येतात, ती पाण्यात उकळून त्याचे पेय करतात. बऱ्याच देशांत ते पितात. त्यानेही दाब काही अंकांनी उतरल्याचे मोजून पाहिले आहे. मात्र त्यात मूठ मूठ साखर घातली, तर एका हाताने दिले नि दुसऱ्या हाताने काढून घेतले असे होईल.

जवस तर विदर्भ-मराठवाड्यात घरोघर. कॅनडात पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रोग्यांना सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेले जवस खायला दिले. त्यांचा दाब उतरलेला दिसला. हे २०१३ साली छापून आले. त्यातल्या बहुतेकांच्या गोळ्या चालूच होत्या, हे विसरू नका. जवसाची चटणी खा, पण तीत मीठ बेताचे घाला. चटणी खारट केली तर जवसाने कमावले ते मिठाने घालवले.

या तिन्ही गोष्टी अन्न म्हणून चांगल्या आहेत. त्या गोळीच्या मदतीला येतील. गोळीच्या जागी बसणार नाहीत. आणि एका दिवसात काही होत नाही. 'पी हळद नि हो गोरी' असे शरीराच्या बाबतीत चालत नाही.

झाडपाला म्हणजे बिनधोक का?

"झाडपालाच तर आहे. गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना?" असे पुष्कळ जण म्हणतात. हे खरे नाही. दोन उदाहरणे पाहा.

ज्येष्ठमध गोड, घशाला बरे वाटणारे. पण ते रोज पुष्कळ दिवस खाल्ले तर रक्ताचा दाब वाढतो! दाब उतरवायचा म्हणून आणलेल्या पुडीतच ज्येष्ठमध असेल तर? ज्याचा दाब वाढलेला आहे त्याने ज्येष्ठमधाचा नाद करू नये.

दुसरी कण्हेर. कण्हेरीचे विष थेट हृदयावर जाते. हृदयाची लय बिघडते आणि माणूस दगावतो. पिवळ्या कण्हेरीच्या बिया तर फारच जहरी. पोरांना त्यांच्याशी खेळू देऊ नका.

इंग्लंडातही असेच एक विषारी झाड आहे, फॉक्सग्लव्ह नावाचे. तिथे एका म्हातारीच्या घराण्यात अंगावरच्या सुजेवर वीसेक वनस्पतींचे एक औषध चालत आले होते. विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरने ते तपासले. त्याने ओळखले की गुण आहे तो एकट्या फॉक्सग्लव्हचा. पण मात्रा थोडी चुकली की रोगी मरतो. मग दहा वर्षे त्याने किती दिले, काय झाले, हे लिहून ठेवले आणि १७८५ साली पुस्तक छापले. त्या जातीच्या झाडापासून काढलेले औषध आजही काही हृदयरोग्यांना देतात, तेही अगदी मोजून. म्हणजे झाड एकच, आणि तेच औषध नि तेच विष. फरक काय तो मापाचा.

वाटेवरचा वैदू जी पुडी देतो तिच्यावर नाव नसते, माप नसते. आत काय आहे हे कोणाला ठाऊक? नाव नसलेली पुडी पोटात घालू नये. नाव नसलेले बियाणे तुम्ही शेतात टाकत नाही ना? मग पोट काय शेतापेक्षा स्वस्त आहे?

अंगदुखीच्या गोळ्यांचेही तसेच. शेतात राबून अंग ठणकते, म्हणून दुकानातून गोळी आणून रोज खाणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी दाब वाढतो आणि मूत्रपिंडाला अपाय होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

गोळी बंद करावी का?

आमच्या माहितीतले एक शेतकरी होते. त्यांचा दाब वाढला होता. सरकारी दवाखान्यातून गोळी चालू झाली. तीन महिन्यांत दाब १३० वर आला. कोणी तरी सांगितले, "आता कशापायी गोळी खाता? सवय लागंल. ही पूड घ्या, मुळापासून आजार जाईल." त्यांनी गोळी सोडली. पूड घेऊ लागले. बरे वाटत होते. दाब मात्र मोजला नाही. सात-आठ महिन्यांनी ऐन सुगीत खळ्यावरच ते कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात दाब मोजला तो २१० भरला. पुढे ते काठी धरून चालू लागले, पण औताला पुन्हा हात लावता आला नाही. धाकट्या मुलाची शाळा सुटली. औत त्याच्या हाती आले.

दाब उतरला होता तो गोळीमुळे. बांध घातला म्हणून पाणी थांबले. पाणी थांबले म्हणून बांध फोडायचा का? दाबाची गोळी बहुतेकांना कायमची घ्यावी लागते. ती काही दारू-तंबाखूसारखी सवय नव्हे. वजन घटले, मीठ सुटले आणि दाब उतरला, तर डॉक्टर स्वतः गोळी कमी करतात. पण ते त्यांनी ठरवायचे. आपण नव्हे, शेजाऱ्याने नव्हे आणि वाटेवरच्या वैदूनेही नव्हे.

झाडपाल्याचे काही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. "रागावतील" म्हणून गप्प बसू नका. दोन्ही औषधे एकमेकांशी भांडत असतील, तर ते त्यांना कळले पाहिजे.

मीठ मोजा

आता असा उपाय सांगतो की ज्याला पैसा लागत नाही, उलट पैसा वाचतो. मीठ कमी करा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. भाजी, आमटी, भाकरी, लोणचे, पापड, सगळे त्यात आले. मीठ जास्त झाले की शरीर पाणी धरून ठेवते, आणि दाब वाढतो.

आपल्या घरात मीठ किती जाते? त्याचा हिशेब सोपा आहे. घरात पाच मोठी माणसे असली तर दिवसाला २५ ग्रॅम मीठ झाले. एक किलो म्हणजे १००० ग्रॅम. म्हणजे एक किलोची पिशवी निदान ४० दिवस पुरली पाहिजे. पिशवी फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहून ठेवा. जनावरांना घालता ते मीठ वेगळे ठेवा. पिशवी वीस दिवसांत संपली, तर घर दुप्पट मीठ खाते. आणि लोणचे-पापड विकतचे असले, तर ते मीठ या हिशेबात आलेलेच नाही.

"आम्ही सैंधव खातो," असे कोणी म्हणेल. सैंधव हेही मीठच. रंग गुलाबी असला म्हणून दाबाला काही कळत नाही. लोणचे, पापड, खारे मासे, फरसाण यांत मीठ दडलेले असते. ताटात वरून मीठ वाढण्याची रीत बंद करा. आठ-पंधरा दिवस जेवण अळणी वाटेल. मग जीभ वळणावर येते.

तंबाखू, बिडी, मिश्री, गुटखा सोडा. तंबाखूने रक्तवाहिन्या खराब होतात. दारूने दाब वाढतो. पोट सुटले असेल तर ते कमी करा. ज्यांचे काम बसून असते त्यांनी रोज अर्धा तास झपझप चालावे. हे सोडून नुसताच काढा पिणे म्हणजे 'रोग रेड्याला नि औषध पखालीला'.

एक वही करा

गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाब फुकट मोजतात. भारत सरकारने दाबावरच्या औषधोपचाराची मोहीम २०१७ साली सुरू केली. ज्या राज्यांत ती आधी सुरू झाली त्यांत आपला महाराष्ट्रही आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने, बायकांनीसुद्धा, वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्यावा. बायका घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात पाठवतात आणि स्वतः मागे राहतात. असे करू नका. गरोदर बाईचा दाब तर प्रत्येक तपासणीला मोजलाच पाहिजे.

लकव्याची खूणही शिकून ठेवा. तोंड एका बाजूला ओढले, एक हात वर उचलेना, बोलणे बोबडे झाले, तर तो लकवा समजावा. वाट पाहू नये, अंगारा लावत बसू नये. लगेच १०८ ला फोन करावा.

तुम्ही आता लिहाय-वाचायला शिकला आहात. त्याचा उपयोग इथे करा. एक वही घ्या. पहिल्या पानावर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा. नावापुढे तारीख आणि दाबाचे दोन आकडे लिहा. कोणती गोळी, किती वाजता, हेही लिहा. काढा घेत असाल तर त्याचेही नाव लिहा. दर वेळी दवाखान्यात जाताना ती वही घेऊन जा. डॉ. वकील यांनी सर्पगंधेची परीक्षा केली ती मोजून आणि लिहूनच. तुमच्या घरातल्या औषधाची परीक्षा तुम्हीही तशीच करू शकता. आकडा उतरला की औषध खरे. आकडा उतरला नाही, तर सांगणारा कितीही गोड बोलो, त्याचे ऐकू नका.

सांगा पाहू

१. दाब १५०/८५ आला. तो वाढलेला आहे की नाही? का?
२. तुमच्या घरात मोठी माणसे किती? एक किलो मीठ किती दिवस पुरले पाहिजे?
३. शेजारी म्हणतो, "काढ्यानं मला बरं वाटतंय, मी गोळी सोडली." त्याला तुम्ही काय सांगाल?